कोशात नाव कुणाचं?

मंडळी, ऐका! प्रश्न साधा आहे. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत कुणी जिंकलं. चांगलं झालं! मिरवणूक काढा, पेढे वाटा! पण म्हणून त्याचं नाव ज्ञानकोशात घालायचं का? हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा! अहो काकू, हात वर करा म्हटलं. पंखा बंद करा असं नाही म्हटलं!

असो. एका जिल्ह्यात अनंतराव टेंभेकर म्हणून गृहस्थ होते. कॉलेजातून निवृत्त झालेले ग्रंथपाल; जिल्ह्याच्या ज्ञानकोशाचे संपादक. माणूस कसा? काटेकोर! लग्नपत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ आधी दाखवायचे, मग आहेर द्यायचे!

कोशाचा दुसरा भाग छपाईला निघाला, आणि समितीचे अध्यक्ष येऊन बसले. "टेंभेकर, आपल्या एसटीतल्या कंडक्टर शकुंतला वाघचौरे टीव्हीवर जिंकल्या. त्यांची नोंद हवीच! लोक तेच पान आधी उघडतील!"

"उघडतील हो, आणि वर्षभरात विसरतील," टेंभेकर म्हणाले. "कोशाला कर्तृत्व लागतं. पंधरा उत्तरं म्हणजे कर्तृत्व नव्हे."

पण मनात आलं, नकार द्यायचा तर तोंडावर द्यावा. गेले एसटी डेपोत. शकुंतलाबाई बाकावर डबा खात होत्या.

"बाई, राग मानू नका. तुमची नोंद होणार नाही."

बाई हसल्या! "बरंच झालं की, सर! शेवटचं उत्तर मला येतच नव्हतं. ठोकून दिलं, ते लागलं."

टेंभेकरांना हायसं वाटलं. उठले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पण पहिल्या भागातली चूक कधी दुरुस्त करणार?"

चूक! आणि टेंभेकरांची! मंडळी, त्यांचा चेहरा आठवा – नाही, तुम्ही कुठे पाहिलाय!

बाईंनी पिशवीतून कोश काढला. वाचून वाचून पानं सुटलेली. "ह्याच्यावरच अभ्यास केला मी. हे बघा. बोरखडीच्या महापुरात दाजीबा इनामदारांनी होडी घालून साठ माणसं काढली, असं लिहिलंय तुम्ही. सर, इनामदार होडीत होते खरे. पण वाचवणारे नव्हे – वाचलेले! होडी वल्हवली भिवरा भोईणीनं. माझ्या गाडीतली म्हातारी माणसं सांगतात. दोन पत्रं टाकली तुम्हाला."

"आली होती," टेंभेकर पुटपुटले. आली होती हो! पण सहीखाली 'कंडक्टर' दिसलं, आणि पत्रं न वाचताच बाजूला पडली.

पुढच्याच गाडीनं टेंभेकर बोरखडीला गेले. ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर उघडायला लावलं. ठरावाच्या वहीत काय सापडलं? 'भिवरा भोई हिने तीन खेपांत साठ जीव तारले, सबब लुगडे-चोळी देण्यात यावी.' खाली सही कुणाची? खुद्द दाजीबा इनामदारांची! त्या माणसानं खोटं सांगितलंच नव्हतं. भिवरेचं नाव गाळलं ते पुढे पुराची हकीकत लिहिणाऱ्या शहाण्यांनी. आणि टेंभेकरांनी ते तसंच उतरवून घेतलं. आता मात्र त्यांनी ठराव सहीसकट वहीवरून लिहून घेतला.

दुसऱ्या भागात भिवरेची नोंद पानभर छापली. खाली एक ओळ: 'चूक दाखवणाऱ्या – शकुंतला वाघचौरे, कंडक्टर.' टीव्हीचा शब्द नाही!

अध्यक्ष चिडले. "ह्या त्याच बाई, हे लोकांना कळणार कसं?"

"नाही कळलं तरी चालेल," टेंभेकर म्हणाले. आणि तिसऱ्या भागाची प्रुफं त्यांनी तपासायला बाईंकडे धाडली.

तेव्हा मंडळी, जिंकला म्हणून नोंद करू नये. जिंकला म्हणून टाळूही नये! केलं काय, ते बघावं. आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे संपादक? सुटलो! सुटलात कसले? आजोबांनी घर बांधलं, असं सांगता ना पोरांना? मग विटा कुणी वाहिल्या? आजी आहे तोवर विचारा. आणि सगळ्यांच्या देखत तिला म्हणा, "चूक झाली." एवढं तोंडातून निघत असेल, तर आता विठ्ठलाचं नाव घ्या. नसेल निघत, तर जरा थांबा. तो थांबायला तयार आहे!