पिवळ्या पुडीबाबत प्रेरणा औताडे यांचा जबाब

मी प्रेरणा कारभारी औताडे, वय ३४ वर्षे, व्यवसाय नोकरी (संशोधक), राहणार छावणी, छत्रपती संभाजीनगर. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी शेंद्रा येथील एका खासगी प्रयोगशाळेत डेंग्यूवरील औषध शोधण्याचे काम करते. डेंग्यूच्या विषाणूला वाढण्यासाठी एक एन्झाइम लागते. ते कात्रीसारखे प्रथिने कापते. आम्ही त्याला प्रथिनाचा असा तुकडा देतो, जो कापला गेला की चमकतो. औषधाने एन्झाइम बंद पडले तर चमक येत नाही. ती चमक यंत्र मोजते.

शिवराज हा माझा धाकटा सख्खा भाऊ असून क्रांती चौकाजवळ त्याचे जडीबुटीचे दुकान आहे. त्याने डेंग्यूवर म्हणून केलेली पिवळी पूड मला तपासायला दिली. मी ती कंपनीला न विचारता तपासली व रविवारी त्याला प्रयोगशाळेत नेले. पूड टाकलेल्या नमुन्यांत चमक नव्हती. मी पडद्याकडे बोट करून म्हणाले, "बघ, विषाणूचं कामच थांबलं." तो मोबाइलवर चित्रण करत होता, हे मला दिसत होते. मी ओढणी नीट केली.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेली तपासणी केली. त्यात एन्झाइम नसते, आधीच कापलेले, चमकणारे तुकडे असतात. पूड टाकल्यावर त्यांचीही चमक गेली. म्हणजे पुडीचा पिवळा रंगच उजेड शोषून घेत होता. एन्झाइम थांबल्याचा पुरावा नव्हता. ही तपासणी आधी करायची असते. मला ते माहीत होते.

मी शिवराजला फोन करून हे सांगितले व त्याने मोबाइलवरून लोकांना पाठवलेला व्हिडिओ काढून टाकायला आणि पूड न विकायला सांगितले. त्याने ऐकले नाही, म्हणून संध्याकाळी दुकानात गेले. तो म्हणाला, "ताई, बोललीस तू. मी फक्त लोकांना दाखवलं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आले. त्यांचे नाव रामेश्वर, हे मला नंतर कळले. ते म्हणाले, "बायकोला दवाखान्यातून घरी आणलंय. सलाईन नको म्हणलो, ह्याच्यावरच भागंल. अजून एक पुडी द्या." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "व्हिडिओतल्या मॅडम तुम्हीच ना?"

मी "नाही" म्हणाले. शिवराजने पुडी बांधून दिली. ते गेले. मी त्यांना थांबवले नाही.

काल आई सारजाबाई हिच्याकडून समजले, की रामेश्वर यांच्या पत्नी मुक्ताबाई यांना रक्तस्राव होऊन अतिदक्षता विभागात ठेवले आहे आणि शिवराजवर तक्रार झाली आहे. आई म्हणाली, "तू ठाण्यात जाऊ नकोस. तुझं नाव कुठं आलंय?"

व्हिडिओतील चेहरा व आवाज माझा आहे. शिवराजने त्यात काही बदल केलेला नाही. पुडीबाबत मी त्याला फोनवर सांगितले होते, तरी त्याने ती विकली. मुक्ताबाई घरी आजारी आहेत हे ऐकूनही मी खोटे बोलले.

हा जबाब मला वाचून दाखवला जात असताना रामेश्वर समोरच्या बाकावर बसलेले होते. त्यांनी विचारले, "मॅडम, तवा का नाय सांगितलं? मी तसाच माघारी दवाखान्यात नेली असती." त्यांचे हे विचारणेही लिहून घ्यावे अशी मी विनंती केल्यावरून ते येथे लिहिले आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, त्यात फरक नाही.