सदतिसावं पान, दुसरा शब्द

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात माझ्या पुढे दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कॉम्प्युटर होता, दुसरीच्या हातात कीबोर्ड.

"काय बिघडलंय हो तुमचं?" कीबोर्डवालीनं विचारलं.

"कालपासून फ्लॉपी वाचत नाही. आणि महिना झाला, नवऱ्याशी अबोला आहे."

"अगंबाई! का?"

"मला न विचारता माझा टाइपरायटर विकला आणि हे धूड आणून ठेवलं. रोज सकाळी माझी परीक्षा घेतं. म्हणे, सोबत आलेल्या पुस्तकातल्या अमक्या पानावरचा तमका शब्द टाका, तरच प्रोग्राम उघडेन."

"चोरून कॉपी करू नये म्हणून असतं ते. पुस्तकात बघून टाकायचा."

"दिसला तर ना! पुस्तकाची झेरॉक्सही निघू नये म्हणून लालभडक कागदावर काळी अक्षरं. मला एक अक्षर लागत नाही. ह्यांना लागतं, पण टायपिंग येत नाही."

"मग हो?"

"मी भिंतीकडे बघून म्हणते, पान सदतीस, ओळ चौथी, शब्द दुसरा. हे खिडकीशी जाऊन, भिंग लावून, भिंतीलाच उत्तर देतात. दिवसभरात तेवढंच बोलणं."

"अहो, मग नवा प्रोग्राम घ्या! तो काहीच विचारत नाही."

"माहितीये. दुकानदार मागच्या खेपेलाच म्हणाला."

"मग घेतला नाहीत?"

"छे! हा जुना, शब्द चुकला की लगेच दुसरा विचारतो. परवा मी मुद्दाम पाच वेळा चुकले."