पंचावन्नचा काटा

सर : ...तेव्हा थंडीला यातून वगळा, मिस्त्री. थंडी इतकी काटेकोर नसते.

मिस्त्री : बसा ना सर. उभे का?

सर : उभा आहे तोच बरा आहे. साडेचारला बायकोचं डायलिसिस संपतं. सव्वाचारला मला इथून निघायचं आहे, आणि त्याआधी या गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तुम्ही जे काही कालवलं आहे ते काढून हवं आहे.

मिस्त्री : कालवलं काय सर! सीझन बदलला की रिसेट करावंच लागतं. उन्हाळ्यात इंजिनानं एक शिकलेलं असतं, थंडीत हवा जड होते, मग ते जुनं पुसून नवीन शिकू द्यायचं. तेवढंच केलं होतं तीन महिन्यांपूर्वी. थंडीभर पिकअप जरा कमीच राहतो.

सर : त्या 'जरा'चा मी अभ्यास केला आहे. ही वही. अडतीस फेऱ्या. सपाटीवर पंचावन्न. चढावर पंचावन्न. वारा पाठीशी असताना पंचावन्न, तोंडावर असताना पंचावन्न. धुक्यात पंचावन्न, लख्ख उन्हात पंचावन्न. फक्त उतारावर बासष्ट, कारण उतार तुमच्या कॉम्प्युटरची परवानगी घेत नाही.

मिस्त्री : तुम्ही हे गाडी चालवताना लिहून घेत होता?

सर : घरी गेल्यावर. विषयांतर नको. मी चाळीस वर्षं जुन्या पोथ्यांची पानं एकमेकांशी ताडून पाहिली. लेखनिकाला डुलकी लागून झालेली चूक दर पानाला वेगळी असते. एकाच मापाची चूक दर वेळी त्याच जागी दिसली, की ती चूक नसते. ती कुणीतरी मागाहून घातलेली ओळ असते.

मिस्त्री : मला त्यातलं काय कळतंय सर.

सर : अज्ञानाचं सोंग आणायलाही सराव लागतो, तो तुम्हाला नाही. सरळ विचारतो. या गाडीला वेगाची मर्यादा घातली आहे की नाही?

मिस्त्री : ताई येईपर्यंत थांबू या ना.

सर : कोण ताई?

मिस्त्री : तुमच्या कन्या. तुम्ही गेटातून आत वळलात तेव्हाच मी फोन लावला.

सर : अच्छा. म्हणजे कर्त्याचं नाव शोधायचे माझे कष्ट वाचवलेत.

मिस्त्री : तसं नाही हो सर. तुम्ही लगेच... त्या बघा आल्याच.

मुलगी : बाबा, किल्ली कुठे आहे?

सर : माझ्या खिशात. ती सध्या माझीच आहे, अशी माझी समजूत आहे. ऑफिस सोडून आलीस?

मुलगी : अर्धी रजा टाकली. दम लागलाय, एक मिनिट थांबा. काका, तुम्ही सांगितलंत का यांना?

मिस्त्री : मी काहीच नाही सांगितलं. त्यांनी वहीतून काढलं.

मुलगी : वही. अर्थात वही असणारच.

सर : तू सांग. एका वाक्यात.

मुलगी : हो. मीच सांगितलं होतं यांना. पंचावन्नच्या वर गाडी जायला नको म्हणून.

सर : आणि थंडीची कथा?

मुलगी : तीही माझीच.

सर : रचना चांगली आहे. जड हवा, इंजिनाचं शिकणं, ऋतुमान. पीएच.डी.ला बसलेल्या मुलांच्या प्रबंधात मी याहून पोकळ प्रकरणं वाचली आहेत. मला विचारायचं मात्र सुचलं नाही.

मुलगी : विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?

सर : नाही म्हणालो असतो. नाही म्हणता यावं म्हणूनच माणसाला विचारतात.

मुलगी : बाबा, तुम्हाला हल्ली... नाही, ते राहू द्या. शाळेसमोरचा सिग्नल आठवतो? लाल होता. तुम्ही सरळ गेलात.

सर : एकदा.

मुलगी : मी गाडीत होते तेव्हा एकदा.

सर : आणि गेल्या बुधवारी तू गाडीत नव्हतीस, म्हणून ऐक. घाटाच्या पायथ्याशी पुढे पाण्याचा टँकर होता. रस्ता मोकळा पाहून मी बाहेर काढली. पाय तळापर्यंत दाबला. काटा पंचावन्नला जाऊन बसला तो बसलाच. टँकर बावन्नने चालला होता. त्याच्या अंगाशी अंग लावून मी विरुद्ध बाजूला लटकत राहिलो, आणि वळणावरून बस आली. शेजारी तुझी आई होती, हाताला पट्टी बांधलेली. जिच्या काळजीपोटी तू हा उद्योग केलास ती, तुझ्याच उद्योगापायी, बसखाली जाणार होती.

मुलगी : मग काय केलंत?

सर : ब्रेक लावला, मागे घेतली, टँकरच्या पाठीशी आलो. मिस्त्री, लॅपटॉप काढा. मूळ सेटिंग परत घाला. आत्ता.

मिस्त्री : ताई?

सर : गाडी माझ्या नावावर आहे.

मुलगी : करा काका. ते ऐकणार नाहीत.

मिस्त्री : बरं. सर, जरा सरका, स्टिअरिंगखाली वायर लावायची आहे. करतो, पण एक सांगून ठेवतो. मूळचं घातलं की जुनं शिकलेलं सगळं जाणार. मग दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायची. पेडलला पाय नाही, एसी नाही, दिवे नाहीत. हवा-पेट्रोलचं माप तिला तिचं तिला बसवू द्यायचं. मध्ये हात घातला तर सिग्नलला बंद पडेल.

सर : किती वाजले?

मुलगी : चार वाजायला दहा.

सर : मग जमेल. घाला.

(मिस्त्री वायर काढून घेतो. गाडीचं इंजिन चालू आहे. आत कुणी नाही. तिघे बाहेर उभे.)

मिस्त्री : झालं. आता दहा मिनिटं. सर, तुम्ही असे येरझारा घालू नका, तिला काही घाई होत नाही त्यानं.

सर : घाई मला आहे. मधल्या वेळात एक काम उरकतो. उद्यापासून तू आमच्या घरी येऊ नकोस.

मुलगी : बाबा.

सर : आईला भेटायचं तर हॉस्पिटलात भेट. सोमवार, बुधवार, शनिवार, बारा ते साडेचार. मी दाराशी सोडून जात जाईन. ज्या घरात माझ्याशी तीन महिने तोंड भरून खोटं बोलता येतं, त्या घराची एक किल्ली तुझ्याकडे आहे. ती तेवढी ठेवून जा.

मुलगी : बरं. ही घ्या.

मिस्त्री : ताई, अहो, काय करताय.

मुलगी : काका, तुम्ही गप्प राहा.

मिस्त्री : तीन मिनिटं झाली.

सर : मोजताय ते ठीक आहे, मोठ्यानं मोजू नका.

मिस्त्री : सर, मला राहवत नाही. ताईंनी सांगितलंच नव्हतं.

मुलगी : काका.

मिस्त्री : नाही ताई, पोरीच्या हातून घराची किल्ली काढून घेताना मला बघवत नाही. सर, मॅडम आल्या होत्या. टॅक्सीनं, एकट्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. म्हणाल्या, गाडीचा वेग बांधून द्या आणि त्यांना काहीतरी कारण सांगा.

सर : कोण मॅडम?

मुलगी : किती मॅडम आहेत बाबा आपल्याकडे?

सर : ती... ती रोज शेजारी बसते. म्हणते, आज गारठा जास्त आहे, गाडी ओढत नाही बघा.

मुलगी : हो. बोलत असते ना ती.

सर : अखंड. समोर सायकल आहे हो. दिवा पिवळा झाला हो. डावीकडून बाई रस्ता ओलांडतेय. तीस वर्षांत एवढी कधी बोलली नव्हती. मी समजत होतो, आजारपणात माणसं बडबडी होतात.

मुलगी : बुधवारी बस आधी कुणाला दिसली?

सर : मी सांगितलं ना, वळणावरून...

मुलगी : कुणाला, बाबा? तुमच्या वहीत आहे का ते?

सर : वहीत नाही.

मुलगी : मग?

सर : तिला. 'मागे या' म्हणाली. मी आलो, मग मला दिसली.

मिस्त्री : त्या संध्याकाळी मॅडमचा फोन आला होता. घाबरल्या होत्या. काढून टाका म्हणाल्या. सकाळी परत फोन. म्हणाल्या, राहू द्या, माझा शब्द त्यांच्यापर्यंत वेळेत पोचला.

सर : कसला शब्द?

मिस्त्री : त्यांनी मोजलं होतं सर. मी म्हटलं, पन्नास ठेवू? त्या म्हणाल्या, पन्नासला पोचतो, पंचावन्नलाही पोचतो. साठला मी 'थांबा' म्हणेस्तोवर गाडी पुढे गेलेली असते. मग पंचावन्नच ठेवा. पन्नासला मागचे हॉर्न मारतात, त्यांना ते लागेल.

सर : ...मला सांगायला काय झालं होतं?

मुलगी : तुम्हाला नीट दिसत नाही, हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी गाडी सोडली असती. ती म्हणाली, आठवड्यातले तीन दिवस ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरतात. ते बंद व्हायला नको.

सर : आणि तू तिचं नाव का पोटात ठेवलंस?

मुलगी : तुम्ही माझ्यावर रागावलात तर मी माझ्या घरी जाते. तिच्यावर रागावलात तर ती कुठे जाणार?

सर : ओळ मागाहून घातलेली आहे, एवढं मी बरोबर ओळखलं. कुणी घातली, ते साफ चुकलो. असल्या चुकीबद्दल मी लोकांचे प्रबंध परत पाठवले आहेत. किती झाली, मिस्त्री?

मिस्त्री : साडेआठ. बघा, इंजिनाचा आवाज बसला. सर, पंचावन्न पुन्हा घालायचं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पण मग परत दहा मिनिटं थांबावं लागेल, आणि मॅडम तिकडे वाट बघतील.

सर : नको.

मुलगी : बाबा, ऐका...

सर : नको म्हणजे, त्याची गरज पडणार नाही. धर ही किल्ली. आणि तुझी ही, घराची; ती परत त्याच कडीत अडकव, अशी हातात धरून फिरू नकोस.

मुलगी : मी आणते आईला. तुम्हाला वाटेत घरी सोडू?

सर : घरी कशाला? मी येतोय. मागचं दार उघड.

मुलगी : मागे? अहो, जाताना तरी पुढे बसा. ती जागा आत्ता रिकामीच आहे.

सर : राहू दे. तिथे पोचल्यावर, तिच्या देखत उठून मागे जाणं मला जमायचं नाही.