साडेएकतीस इंच

...नाही हो, हातच बसत नाही! वाजत नाही असं मी कुठे म्हणतोय? वाजतो. बास गिटार आहे, झकास वाजतो. खुंटी पिळली की सूर लागतो, जाडी तार सोडली की दोन घरं पलीकडे बसलेल्याच्या बरगड्यांत घुमतो, सगळं मान्य. पण हात बसत नाही त्याला मी काय करू? चौतीस इंच! घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तार चौतीस इंच लांब. पहिल्या पडद्यावर तर्जनी ठेवली की चौथ्या पडद्याला जायला करंगळीला गाडी करून द्यावी लागते... असं मी वाद्यांच्या दुकानात सांगत होतो, आणि ही आमची नाडेज, माझी मुलगी, माझ्या मागे उभी राहून म्हणते काय, "पापा, ऑर्केस्ट्रात आयुष्यभर चौतीसच वाजवलात की!" वाजवला ना. एकोणतीस वर्षं वाजवला. पण तो मालकाचा होता!

तुम्हाला सांगतो, आमच्या किन्शासात ऑर्केस्ट्रा म्हणजे कसं? गाडी मालकाची, गिटारी मालकाच्या, ढोल मालकाचे, अंगातला चकचकीत कोट मालकाचा, आणि आत जो घामाघूम होतोय तोही मालकाचाच समजा. कार्यक्रम संपला की मालकाचा माणूस उभाच. "बोफेंडा, बास?" हा घे. "पट्टा?" हा घे. "वायर?" अरे ही पण घे. सगळं कोठीत आणि कोठीला कुलूप. एकदा मी म्हटलं, दोन दिवस घरी नेऊ का हो बास, नवीन गाणं बसवायचंय, तर असं बघितलं त्यानं माझ्याकडे, जसा काही मी मालकाची बायकोच मागितली! मग नवीन गाणं बसवायचं कशावर? पोटावर?

म्हणून मी घरीच एक बास केला. केला म्हणजे... पलंगाची फळी काढली. हसू नका! लग्नाला चार महिने झाले होते, पलंग नवा, आडव्या सात फळ्या, त्यातली मधली चांगली रुंद, वाळलेली, वाजवून बघितली तर टणटणीत. ती बरोबर कमरेखालची. आमची मंडळी, बोलुम्बू तिचं नाव, दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "काढताय ती काढा. पण कापायची नाही. हे खूळ उतरलं की आहे तिथे परत लावायची." म्हणून कापली नाही. एका टोकाला खुंट्या बसवल्या, मोटरसायकलच्या ब्रेकच्या तारा ओढल्या, मोडक्या टेलिफोनमधलं चुंबक काढून खाली चिकटवलं, ते रेडिओला जोडलं, आणि घोडी ठोकायला घेतली तर नेमकी तिथे लाकडात गाठ. खिळाच जाईना! दोन खिळे वाकले, एक बोट ठेचलं, शेवटी घोडी सरकवली वर, आणि तार उरली साडेएकतीस इंच. तीस नाही, बत्तीस नाही, साडेएकतीस! असा बास मी तरी आजवर दुसरा पाहिला नाही. पडदे कुठले? कोळशाच्या रेघा मारल्या होत्या, त्या आठ दिवसांत घामानं पुसल्या, मग हातालाच ठाऊक, कुठे काय ते.

आणि आवाज? आवाजाचं काही विचारू नका. बंद डब्यात चिकवांग, म्हणजे कसाव्याचा उकडलेला गोळा, आपटावा तसा. पण हात बसला होता.

एकतीस वर्षं ती बाई त्या खड्ड्यात झोपली. सकाळी उठली की पहिलं वाक्य, "कंबर माझी मोडते आणि नाव तुमचं होतं." मी म्हणायचो, लावतो गं परत, ही दोन गाणी बसली की लावतो. ती दोन गाणी काही संपली नाहीत! मालकाला काय, आठवड्याला नवं गाणं हवं. पण एक चाल होती... छोटीशीच, चार वळणांची, त्या फळीवर पहिल्यांदा सुचलेली. रोज सकाळी हात मोकळा करायला मी तीच घ्यायचो, आणि ती अंगणात कसाव्याचा पाला कुटता कुटता गुणगुणायची, माझ्या एक पाऊल पुढे! मी तिसऱ्या वळणावर, ही चौथ्यावर. थांब ना गं! तर म्हणायची, "तुम्हीच या की लवकर." एकदा मी म्हटलं, ही चाल मालकाला ऐकवतो, आवडेल त्याला. तर मुसळ थांबवून म्हणाली, "नका हो नेऊ. तो तीही कुलपात ठेवील." नाही नेली. ऑर्केस्ट्रात नाही, चर्चमध्ये नाही, कुठ्ठेच नाही. ती चाल फक्त साडेएकतीस इंचांवर वाजली आणि फक्त तिनं ऐकली.

गेली हो ती. ताप आला, सहा दिवस राहिला, सातव्या दिवशी ती गेली. सोळा महिने झाले. शवागारातून दुपारी घरी आणली, बायकांना रडायला खोलीत निजवायची होती, तिचे थोरले भाऊ बोकुंगू पुढे झाले, गादी हातानं दाबून बघितली आणि म्हणाले, "दाजी, इथे खड्डा आहे. हिला सरळ कुठे निजवायची?" मी आत गेलो. फळी भिंतीला टेकवलेली होती. खुंट्या काढल्या, तारा काढल्या, चुंबक उपटलं, आणि फळी नेऊन तिच्या जागी ठोकली. नीट बसली. कापली नव्हती ना! मग तिला निजवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाई त्या पलंगावर सपाट झोपली. तेव्हा मी रडलो ते तिच्या जाण्यावर रडलो असं सगळ्यांना वाटलं. तेही होतंच. पण मला लाज वाटत होती हो. एका फळीचं काम! एका दुपारचं!

पुढे आमच्याकडची रीत. बाई गेली की तिची भांडीकुंडी, तिची लुगडी, तिचा पलंग तिच्या माहेरचे नेणार. चौथ्या दिवशी हातगाडी आली. भांडी गेली, उखळ गेलं, पलंग गेला. मी दारात उभा. फळी मागितली असती तर दिली असती का? दिली असती! माणसं वाईट नाहीत. पण चार दिवसांच्या सुतकात, बायका आक्रोश करतायत, आणि मी काय म्हणू, अहो, तेवढी मधली फळी ठेवून जाता का? पलंग बोटीत चढला आणि नदीनं वर म्बांडाकाला, कुठल्याशा भाचीच्या घरी. तिला बाळ झालं म्हणतात त्यावर. चांगलं आहे. बाळंतिणीची कंबर तरी टेकत असेल.

आता दुखवटा काढायचा दिवस. वर्षभर काळं घालायचं, मग सगळ्या घराण्यानं एकाच छापाचं रंगीत कापड घ्यायचं, बँड लावायचा, बकरं कापायचं, आणि जो मागे राहिला त्यानं काळं उतरवून नाचायचं, म्हणजे गेलेलं माणूसही सुटलं आणि राहिलेलाही सुटला. कापड ठरलं, निळ्यावर पिवळे पोपट. तिच्या बहिणीनं ठरवलं, तिचं कापडाचंच दुकान. आणि बोकुंगू येऊन म्हणाले, "दाजी, बँडबिंड ठीक आहे. पण ती कांडताना गुणगुणायची ती चाल तुम्ही वाजवायची. ती वाजल्याशिवाय आम्ही तुमचं काळं उतरवणार नाही."

मी म्हटलं, वाजवतो की. आणि म्हटलं, पण बास कुठंय?

ऑर्केस्ट्राचा मालक तर केव्हाच वारला, पोरांनी कोठी विकली. म्हणून निघाली आमची वरात. नाडेज पुढे, मी मागे. पहिल्यांदा चर्चचा बास मागून आणला. तीस इंचाचा. छोटासा, मांडीवर पोरासारखा बसतो, बोटं अशी पळतात की बघत राहावं! पण तार? ढिली. मऊ. आवाज गोल गोल, शिजवलेल्या पिठाच्या, फुफूच्या गोळ्यासारखा, सूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला काही कळत नाही. आणि बोट जायचं दुसऱ्या पडद्यावर आणि पडायचं तिसऱ्यावर, कारण सगळंच जवळ! नाडेज म्हणाली, छान वाटतोय की. म्हटलं, हात बसत नाही. दिवस पुढे ढकलला.

मग मातोंगे वस्तीत झेफिरँच्या दुकानात. झेफिरँ वाद्यं दुरुस्त करतो, विकतो, माझा जुना मित्र. त्यानं पाच तारांचा काढला, पस्तीस इंची, चर्चवाली पोरं हल्ली हेच घेतात म्हणे. खांद्याला लावला तर मी तिरका! मग चौतीसचा. तार ताणलेली, आवाज स्वच्छ, खालचा सूर असा उमटतो जसा कोणी दार ठोठावतंय. पण बोट पडद्याच्या अलीकडेच पडतं आणि तार करकरते. हात बसत नाही. मग झेफिरँ आत गेला, धूळ झटकत बाहेर आला, म्हणाला, "हा घे. बत्तीस. आता बोल." बत्तीस! माझ्या फळीहून अर्धा इंच जास्त. अर्धाच इंच! आवाज चौतीसचा आणि सोय तिसाची. मी वाजवला. वाजवला आणि म्हटलं, दांडी जाड आहे रे. झेफिरँनं दांडी तासली. मी म्हटलं, तारा उंच आहेत. त्यानं तारा खाली घेतल्या. मी म्हटलं, हात बसत नाही. त्यानं हातातली मापाची पट्टी खाली ठेवली आणि म्हणाला, "तुला बास नकोय बोफेंडा. तू उगाच माझी धूळ झटकून घेतोस."

दिवस दुसऱ्यांदा ढकलला. मग तिसऱ्यांदा. तिकडे मेव्हणी काळ्या लुगड्यात बसून लोकांना रंगीत कापड विकतेय, गिऱ्हाईक विचारतं, बाई, कोण गेलं? ही म्हणते, बहीण. कधी? ही सांगते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, अजून?! पोपटांच्या कापडाला घडीच्या जागी रेघा पडल्या. बोकुंगू घरी आले, बसले, बिअर अर्धी प्यायले आणि एक शब्द न बोलता गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर नाडेज समोर येऊन बसली. माझ्या मांडीवरचा चर्चचा बास काढून घेतला. म्हणाली, "पापा, चारही बास चांगले आहेत. तुम्हाला काळं उतरवायचं नाहीये."

मी म्हटलं, तुला बासातलं काय कळतं?

"बासातलं काही कळत नाही," म्हणाली. "आईतलं कळतं. ती एकतीस वर्षं थांबली तुमच्यासाठी. आता तिला जाऊ दे की."

पोरगी आईवर गेलीय, एक पाऊल पुढे असते. खरंच होतं हो ते. काळं अंगावर आहे तोवर लोक रस्त्यात थांबवतात, विचारतात, बोलुम्बू कशी होती, काय झालं होतं, आणि मी सांगतो. पोपटांचं कापड अंगावर चढलं की कोण विचारणार? मग मी नुसता एक म्हातारा, पोपट घातलेला.

झाला रविवारी कार्यक्रम. बांदालला आमच्याच गल्लीत, मांडव घातला, अडीचशे पोपट जमले. मी मुद्दाम झेफिरँकडचा चौतीस घेतला! बत्तीस नाही, तीस नाही, तोच मालकाच्या मापाचा, कारण मनात म्हटलं, हा नक्की चुकेल. बोट मागे पडेल, तार करकरेल, बोकुंगू हात वर करून म्हणतील, राहू द्या दाजी, तुमचा हात अजून दुःखात आहे, पुढच्या वर्षी बघू. असं एक वर्ष मिळालं तरी पुष्कळ होतं. दुपारचं ऊन, बकऱ्याचा वास. मी डोळे मिटले आणि पहिलं वळण घेतलं.

चुकलं नाही. दुसरं घेतलं. चुकलं नाही. अहो, तिसऱ्यावर मी अडखळायला गेलो, खरंच गेलो, पण बोटं ऐकेनात! चौथं वळण असं गोल होऊन आलं की ढोलवाल्यानं न सांगता ठेका धरला, मेव्हणी उठली, बोकुंगू उठले, आणि सगळा मांडव तिच्या चालीवर नाचायला लागला. अडीचशे माणसं, तिच्या चालीवर! माझा काळा सदरा कोणी काढला, पोपटाचा कोणी चढवला, मला काही कळलं नाही. मी वाजवत होतो. सोळा महिने या बोटांवर मी विश्वास टाकला होता की निदान ही तरी तिला विसरणार नाहीत. आणि बोटं काय शोधत होती? पडदे! पडदे सापडले, साडेएकतीस इंच विसरली, झालं त्यांचं काम.

आता झेफिरँ रस्त्यात भेटला की विचारतो, काय म्हातारबा, कुठे अडतंय? कुठे काही करकरतंय का, आणतोस का दुरुस्तीला? काय आणू? रोज सकाळी त्याच चौतीसवर वाजवतो. कुठ्ठे अडत नाही, कुठ्ठे करकरत नाही. तक्रार करायला तेवढी एकच जागा राहिली होती, तीही गेली. हात बसला हो... बसला.