पाचवी चक्कर

जबाब देणार: 'किल्लीवाले काका' या नावाने ओळखला जाणारा, वय ५६ वर्षे, धंदा कुलूपदुरुस्ती व किल्ल्या तयार करणे, राहणार दुकानामागची खोली, टपाल कार्यालयासमोर.

पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी एकोणतीस वर्षे धंदा करतो. दुकानाच्या निम्म्या भागात माझी थोरली बहीण शिलाई मशीन चालवते. तिला सगळे अक्का म्हणतात. आमचे रोज भांडण होते, पण त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास दुकानासमोर कोट घातलेला एक इसम छातीला हात लावून पडला. त्या वेळी मी एका गिऱ्हाइकाच्या घराचे कुलूप उघडायला निघालो होतो. किल्ली आत राहिली होती आणि गॅसवर दूध होते. ते सोडून मी धावलो. इसमाला सावलीत ओढले. अक्काने तोंडावर पाणी मारले. शेजारच्या औषधवाल्याने नाडी पाहिली. पाच मिनिटांनी इसम उठला, कोट झटकला, आभार मानून गेला. दुधाचे पातेले जळाले. ते गिऱ्हाईक आता दुसरीकडे जाते.

त्यानंतर नऊ, सोळा व बावीस तारखेलाही तिथेच माणसे पडली. एकाला दाढी होती, एकाचा सदरा फाटका होता, एकाच्या तोंडाला दारूचा वास होता. हा एकच इसम आहे हे आम्हाला कळले नाही. डोळे मिटून पडलेल्या माणसाचा चेहरा कोणी निरखत बसत नाही. सोळा तारखेला फाटक्या सदऱ्याकडे धावताना मी स्वतः पडलो व गुडघा सुजला. दुकान दोन दिवस बंद ठेवले. बावीस तारखेला औषधवाल्याने इसमाची छाती जोरात दाबली. त्या दिवशी इसम जरा लवकर शुद्धीवर आला.

अठ्ठावीस तारखेला अकरा वाजता विद्यापीठातल्या एक संशोधक बाई त्याच इसमाला घेऊन आल्या. इसम व्यवसायाने नट निघाला. बाईंनी मला, अक्काला, औषधवाल्याला व कोपऱ्यावरच्या फळवाल्याला एकत्र केले. म्हणाल्या, "रस्त्यात पडलेल्या माणसाच्या मदतीला कोण किती वेळात धावतं, याचा हा अभ्यास होता. आधी सांगितलं असतं तर तुम्ही नेहमीसारखे वागला नसता." मग प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. कोटवाल्यापेक्षा फाटक्या सदऱ्याकडे पोहोचायला मला नऊ सेकंद जास्त लागले, असे माझ्या कागदावर होते. औषधवाल्याने ते मोठ्याने वाचले.

मी गुडघ्याचे सांगितले. बाई म्हणाल्या, "त्याची नोंद आमच्याकडे नाही." नटाने मला बाजूला घेऊन विचारले, "चारांपैकी कुठलं पडणं खरं वाटलं?"

अक्का बाईंना म्हणाली, "आमच्यावर प्रयोग करायचा, तर आम्हाला विचारलं होतं का?"

बाई म्हणाल्या, "नाही. चुकलंच. म्हणूनच आले. तुम्ही नको म्हणालात तर सगळी नोंद फाडून टाकते. आणि मला माफी—" एवढे बोलून त्या पांढऱ्याफटक पडल्या व खाली कोसळल्या. दुकानाची पायरी कपाळाला लागली. वेळ अकरा पंचवीस.

यावर मी टाळी वाजवली. मग इतरांनी वाजवली. फळवाल्याने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केले. नट म्हणाला, "बाई, खांदा आधी टेकायचा. कपाळ कधीच नाही." औषधवाला घड्याळ पाहून म्हणाला, "आता आपण सेकंद मोजू," आणि मोजू लागला. तो एकशे चाळीसपर्यंत गेला.

अक्का तोवर मशीनवर जाऊन बसली होती. ती तांब्या घेऊन उठली. मी म्हणालो, "अक्का, नाटक आहे."

"असेल. सरक."

तिने बाईंचे डोके वळवले तेव्हा रक्त दिसले. औषधवाल्याचे मोजणे थांबले. नंतर सर्वजण धावले. नट भिंत धरून खाली बसला व आपल्याला खरोखर घेरी येते आहे असे म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. शेवटी त्याला पाणी मी दिले.

दवाखान्यात बाईंना चार टाके पडले व डोक्याची जखम म्हणून दवाखान्याने पोलिसांत कळवले. त्या सकाळपासून उपाशी होत्या, रात्रभर माफीचे शब्द जुळवत बसल्या होत्या, असे त्यांनीच सांगितले. त्यांनी अक्काला विचारले, "चार वेळा फसवलं तुम्हाला. तरी कशा आलात?"

अक्का म्हणाली, "पडलेल्याला आधी उठवायचं. खरं की खोटं ते उठल्यावर विचारता येतं."

बाईंनी पर्समधली वही बाहेर काढली. अक्का म्हणाली, "हे वहीत घालायचं नाही." बाईंनी वही परत ठेवली. हे शब्द या जबाबात सांगण्यास अक्काची परवानगी मी आज सकाळी मागितली. आधी ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "पोलिसांना सांग, त्यांना उपयोग होईल."

बाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. गुडघ्याबद्दल आहे, पण ती कोणाविरुद्ध लिहायची हे मला समजत नाही.

हवालदारांनी सर्व मजकूर मला वाचून दाखवला. पहिली टाळी कोणी वाजवली ते वाक्य त्यांनी दोनदा वाचले आणि "हे ठेवायचं का?" असे विचारले. ठेवावे. बाकीही मी सांगितल्याप्रमाणेच आहे.