गुराबेचं माहेरचं नाव

मी मूळची देवगडकडची, खाडीकाठची, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या गलबतं बांधायचं काम, बाबा सुतार, काका सुतार, मी मुलगी म्हणून माझ्या हातात रंध्याऐवजी सुई आली, तर मी शिडं शिवायला शिकले, आणि काय सांगू तुम्हाला, तीच सुई मला इथे न्यूझीलंडात, क्राइस्टचर्चला उपयोगी पडली. मुलाने आम्हा दोघांना बोलावून घेतलं, घरात बसून करायचं काय, म्हणून हॉर्नबीला बोटींची कव्हरं शिवतात तिथे लागले. सकाळी सगळे म्हणतात, किया ओरा रामा, म्हणजे इथला माओरी नमस्कार. माझं नाव रमा, पण त्यांची जीभ तशीच वळते, मीही त्यांच्यासारखंच म्हणते स्वीट ॲज, म्हणजे चालतंय.

रमा तरी माझं कुठलं, माहेरची मी शेवंती. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने रमा लिहिलं, यांचं नाव श्रीकांत ना, त्याला शोभायला. वाजतगाजत आणलेली मी, नवरा गुणाचा, तक्रार कसली करू. पण शेवंती म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे बाबा, ते गेले आणि ते नाव कुणाच्या तोंडात राहिलं नाही. त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तर यंदा गणपतीला इथल्या मराठी मंडळाने मराठ्यांच्या आरमाराची आरास ठरवली. सेक्रेटरी राहुल, पुण्याचा, आयटीतला, गोड मुलगा, म्हणाला काकू, शिडं तुम्ही शिवायची. मी म्हटलं शिवते, पण आमच्या गावची गुराब करा. गुराब म्हणजे लढाऊ जहाज, आमच्याच खाडीत बांधलेली, नाव जयवंती, ती इंग्रजांनी लढाईत पकडली, निशाण बदललं, नाव ठेवलं शार्लट आणि आपल्या मालाच्या जहाजांची राखण करायला फिरवली. राहुलचा चेहरा पडला, काकू, पकडलेलं जहाज गणपतीत कशाला, लोक म्हणतील हरलेलं दाखवलं. मी म्हटलं थांब रे, पुढचं ऐक. बाबा सांगायचे, एकदा ती शार्लट पाणी भरायला आमच्याच खाडीत आली, म्हाताऱ्या सुतारांनी दुरून नाळ, म्हणजे पुढचं टोक, बघूनच ओळखली, आणि गावातल्या बायका होडीत बसून गेल्या आणि गोऱ्या कप्तानादेखत तिची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ, लेक माहेरी आली म्हणून. कप्तानाला काय कळणार, त्याने म्हणे नारळ फोडून खाल्ला. हे सांगताना बाबांना हसून हसून ठसका लागायचा. पुढे ती म्हातारी होईपर्यंत इंग्रजांकडेच राबली, मुंबईच्या गोदीत मोडली, पण लाकूड शेवटपर्यंत आमच्याकडचंच.

राहुल हसला, बरं म्हणाला. मग मागच्या फळीवर नाव कुठलं यावर हीऽऽप्स, म्हणजे ढीगभर, वाद झाले. मला मनापासून जयवंती हवं होतं, का ते यांनाही सांगितलं नाही. शेवटी मंडळातल्या मुलांनी शार्लट रंगवलं, म्हणे ओटी भरली तेव्हा तेच नाव होतं. मी आपली शिडं शिवत बसले.

गणपती बसले त्या दिवशी हॉलमध्ये गारठा, पैठणीवर पफर जॅकेट घातलेल्या बायका, गोष्ट तोवर सगळ्यांना कळलेली. एका डॉक्टर मुलीने गुराबेत नारळ आणि खण ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले, मग दुसरी आली, मग रांगच लागली, आरास राहिली बाजूला, डेक तांदळाने भरून गेला. आणि आमचे हे, कधी चारचौघांत पुढे न होणारे, उठले, बोटातली अंगठी काढली आणि त्या तांदळात लिहायला लागले. मला वाटलं जयवंती लिहितायत. जवळ जाऊन बघते तर शेवंती.

मी म्हटलं अहो, हे काय. म्हणाले, इतके दिवस तोंड पाडून शिवत होतीस, मला काय कळत नाही? मग मात्र मला रडू आलं, आणि हसूही.

गुराब आता राहुलच्या गॅरेजमध्ये आहे. कामावर मी रामा, मंडळात रमाकाकू, आणि घरी, चहा हवा असला की हमखास, शेवंती. मी तिन्हींना ओ देते. ज्यांनी ज्यांनी मला नाव दिलं, त्या सगळ्यांचं बाप्पा भलं करो.