घरघरणारी ठिपकी परत न देण्याबाबत

नाव: पोनिरा, कै. कार्तो यांची पत्नी. गावात सगळे म्बाह, म्हणजे आजी, म्हणतात. वय: कार्डावर एकाहत्तर, कार्ड करणाऱ्याने अंदाजाने घातले, मी हरकत घेतली नाही. धंदा: कोंबड्या पाळणे (आधी 'घरकाम' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले). राहणार: वाडी केदुंगवारू, जिल्हा गुनुंगकिदुल, जावा.

आज मंगळवारी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मला लिहितावाचता येत नाही. मी बोलते तसे हवालदार बायू लिहीत आहेत.

ठिपकी ही कोंबडी शेजारी सुत्रिमो यांची आहे. हे मी नाकारत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती मला अर्धलीने दिली. म्हणजे कोंबडी त्यांची, अंगण आणि दाणा माझा, पिल्ले निम्मी निम्मी. त्यांच्या वाट्याची पिल्ले मी दर वेळी त्यांच्या दारात पोचती केली. कोंबडीचे तोंड कोणत्या बाजूला असते, कोंबड्यांबद्दल एवढेच त्यांना माहीत आहे.

गेल्या बुधवारी सकाळी ठिपकी चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस होता. कान लावला तर छातीत घरघर. लगेच तिला बाकीच्यांपासून वेगळी काढून चुलीमागे बांबूच्या झापाखाली ठेवली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाण्यातून द्यायची पूड दिली आणि बजावले, की पूड चालू आहे तोवर विकायची नाही, कापायचीही नाही. मी वर हळद, लसूण आणि माडाचा गूळ यांच्या गोळ्या करून देते, कोमट फडक्याने नाक पुसते. गोळ्या बघून डॉक्टरीणबाई हसल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

रविवारी आमच्याकडे लेगीचा, म्हणजे दर पाचव्या दिवशी भरणारा, बाजार होता. मी पाण्याला गेले असताना सुत्रिमो आले आणि ठिपकीचे पाय बांधून तिला घेऊन गेले. मी मागोमाग बाजारात गेले. ते कोंबड्यांच्या रांगेत तिची चोच काखेत दाबून बसले होते, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. आमच्यात बोलणे झाले ते असे:

"सुत्रिमो, कोंबडी दे."

"आजी, मरायच्या आधी विकलेली बरी. तुमचाही वाटा देतो की."

"आणि घेणारीच्या अंगणात काय होईल?"

"सगळेच विकतात. मी काय जगावेगळं करतोय?"

मी ठिपकी त्यांच्या काखेतून काढून घेतली. मारहाण झाली असे त्यांनी तक्रारीत म्हटले आहे, ते खोटे आहे. त्यांना गुदगुल्या सहन होत नाहीत, हे मला ते लंगोटात होते तेव्हापासून ठाऊक आहे. नंतर मी रांगेतल्या एकेका गिऱ्हाइकाला म्हटले, "लावा कान." चार बायकांनी लावला. एकीने स्वतःच्या पिशवीतली नुकती घेतलेली कोंबडी काढून तिलाही कान लावला आणि ती परत केली. त्यानंतर त्या रांगेत विक्री झाली नाही. सुत्रिमो यांची अब्रू गेली म्हणतात, ती तेव्हा.

हवालदार म्हणाले, "आजी, मालकाची वस्तू मालकाला देऊन टाका. प्रकरण इथंच मिटेल."

देणार नाही. पूड संपून डॉक्टरीणबाई बरी म्हणेपर्यंत ठिपकी माझ्या अंगणाबाहेर जाणार नाही. जप्त करायची तर करा, पण दिवसातून तीनदा तिचे नाक कोण पुसणार ते आत्ताच ठरवा. हवालदार म्हणाले, त्यांना पिसांनी शिंका येतात. हे लिहायला नको, असेही म्हणाले. मी म्हटले, लिहा.

दुसऱ्याच्या कोंबडीपायी एवढी का भांडते, असे विचारल्यावरून सांगते की, गेल्या पावसाळ्यात माझी स्वतःची तांबडी अशीच घरघरत होती. ती मी बाजारात व्यापाऱ्याला विकली. त्याने ती लासियेमला विकली. लासियेम माझी लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या अंगणात मी तांबडीला वाकड्या नखावरून ओळखले. आठ दिवसांत तिच्या अंगणात एक कोंबडी उरली नाही. ती रडायला माझ्याच घरी आली. मी चहा केला. साखर जास्त घातली. बोलले काहीच नाही.

हवालदार म्हणाले, "याची तक्रार कुणी केलेली नाही, आजी. हे सोडून देऊ."

मी म्हटले, "ठिपकीबद्दल पाहिजे तेवढी पानं भरलीस ना? मग हेही लिही." लासियेमलाही वाचता येत नाही. इथून उठले की तिच्याकडे जाऊन तोंडाने सांगणार आहे. ती काय करायचे ते करील.

वरचे सगळे हवालदारांनी मला वाचून दाखवले. लासियेमच्या नावापाशी त्यांनी आवाज बारीक केला, तेव्हा तेवढे मी पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. बाहेर बाकावर सुत्रिमो बसले आहेत, त्यांनाही ऐकू गेले असेल. ऐकू जायलाच पाहिजे. मी सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा: पोनिरा